दूधसागर पैकीच्या पैकी, सहल काठावर पास
नोव्हेंबरात सासूबाईंना घेऊन गोव्यातल्या मोले अभयारण्याची एक दिवसाची सहल केली. डिचोलीहून पहाटे निघालो. कुळ्याला दूधसागर धबधब्याकडे नेणाऱ्या जीपचा नंबर लागेपर्यंत दीड तास ताटकळलो, आणि आयोजकाचा माणूस फोन उचलेना! एका जीपमध्ये सातजण. पुढचा रस्ता म्हणजे नुसते दगड. ओहोळात जीप शिरली, तेव्हा सासूबाईंनी मंगेशाचा धावा सुरू केला. शेवटचा टप्पा दगडधोंड्यांतून पायी, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी विचार करावा.

पण तीनशे मीटरांवरून कोसळणारं ते पांढरंशुभ्र पाणी आणि मधल्या पुलावरून जाणारी आगगाडी पाहून सासूबाई गुडघे विसरल्या. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, घालाच. माकडानं आमची केळ्यांची पिशवी पळवली, तो दोष सहलवाल्यांचा नाही म्हणा.

परतीला तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेव मंदिर. काळ्या बेसॉल्टचं, कोरीव छताचं, शेजारी नदी. तिथे तासभर तरी हवा. आम्हाला दिली वीस मिनिटं. वाटाड्या मात्र जाणकार, झाडंपाखरं कोकणीतून झकास सांगायचा. जेवणातली सोलकढी पाणचट. पुढच्या खेपेला आपलीच गाडी काढून जाणार.