अदलाबदलीचा सौदा आणि आखूड केलेला स्क्रू

जुनं रिव्हॉल्व्हर देऊन नवं घ्यावं की नाही, या विचारात जे कुणी असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्याकडे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ होतं. ते देऊन, वर रोख रक्कम भरून मी त्याच कंपनीचं मॉडेल ६८६ घेतलं, ‘अजिबात न वापरलेलं’ असं सांगितलं गेलं म्हणून. ते चांगलंच वापरलेलं निघालं. आणि माझं जुनं ज्या कारणांसाठी कवडीमोलाने घेतलं, त्यांतलं एकही कारण माझ्या रिव्हॉल्व्हरला लागू नव्हतं. बनवणाऱ्या कंपनीचा यात काही दोष नाही. फसवलं ते विक्रेत्याने, आणि त्याच्या युक्त्या इतक्या साध्या आहेत की दुसऱ्या कुणाला त्या माहीत असल्या तर तो सहज वाचेल.

मॉडेल १९ बद्दल थोडं सांगायला हवं, कारण फसवणुकीचं मूळ तिथेच आहे. हे रिव्हॉल्व्हर १९५५ साली आलं. अमेरिकेच्या सीमा गस्ती दलातला नामवंत नेमबाज बिल जॉर्डन याचा त्यामागे आग्रह होता. .३५७ मॅग्नम हे जोरदार काडतूस झाडू शकणारं, पण दिवसभर कमरेला वागवता येईल इतपत हलकं हत्यार त्याला हवं होतं. म्हणून कंपनीने ते मध्यम आकाराच्या के फ्रेमवर बांधलं. सराव त्याच हत्यारात चालणाऱ्या सौम्य .३८ स्पेशल काडतुसाने करायचा आणि मॅग्नम गरजेपुरतं ठेवायचं, अशी त्यामागची कल्पना. माझं १९-३ होतं, म्हणजे १९६७ ते १९७७ या काळातलं. काडतुसं भरायचं फिरतं सिलिंडर उघडलं की फ्रेमवर हा आकडा कोरलेला दिसतो. नळी आडव्या पिनने पक्की केलेली, काडतुसाची कड आत बसावी म्हणून सिलिंडरच्या घरांना मागून खाच दिलेली. ही दोन्ही कामं कंपनीने १९८२ च्या सुमारास बंद केली. आधीच्या मालकांनी ते जपून वापरलं होतं आणि मीही त्यातून .३८ स्पेशलच झाडत आले.

विक्रेत्याने सुरुवात एका खऱ्या गोष्टीने केली. “मॅडम, या मॉडेलची नळी मागून तडकते.” हे खोटं नाही. सिलिंडरमधून निघालेली गोळी नळीच्या ज्या तोंडात शिरते त्याला फोर्सिंग कोन म्हणतात. मॉडेल १९ मध्ये योकला, म्हणजे सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतं त्या भागाला, जागा मिळावी म्हणून त्या तोंडाची खालची बाजू सपाट कापलेली असते, त्यामुळे तिथे धातू पातळ राहतो. १२५ ग्रेनच्या हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्या सतत झाडल्या तर तिथेच चीर जाते. पुढे १९८० च्या सुमारास थोडी मोठी एल फ्रेम आणि तिच्यावरचं ६८६ आलं त्यामागे हेही एक कारण होतं. त्याने सांगितलं नाही ते एवढंच, की ही चीर मॅग्नमच्या भडिमाराने पडते, .३८ स्पेशलच्या सरावाने नाही. माझ्या रिव्हॉल्व्हरला चीर नव्हती. टॉर्च लावून दोन मिनिटांत ते दिसलं असतं. पण त्याने टॉर्च लावलीच नाही, आणि अर्धं सत्य पूर्ण सत्यासारखं वापरून भाव पाडला.

मग त्याने सिलिंडर बंद करून बोटांनी डावी-उजवीकडे हलवून दाखवलं. “बघा, खिळखिळं झालंय. टायमिंग गेलंय.” टायमिंग म्हणजे सिलिंडरचं घर वेळेवर नळीसमोर येऊन बसणं. सिलिंडर खरंच किंचित हलत होतं. ही युक्ती नीट समजून घ्या, कारण ती कुठेही वापरली जाऊ शकते. चाप मोकळा असताना या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर थोडं हलतंच, कोरं करकरीत असलं तरी. खरी परीक्षा वेगळी आहे. आधी सगळी घरं रिकामी असल्याची खात्री करायची. मग चाप पूर्ण ओढून हॅमर, म्हणजे घोडा, पडू द्यायचा आणि चाप तसाच दाबून धरून सिलिंडर हलवून बघायचं. गोळी सुटते त्या क्षणी सगळे भाग ज्या स्थितीत असतात, ती ही स्थिती. इथे जो ढिलेपणा असेल तो खरा. आणि टायमिंग बघायचं तर हॅमर अगदी सावकाश मागे ओढायचा, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकेच टेकवून त्याला अडथळा करायचा. हॅमर पूर्ण मागे अडकेपर्यंत सिलिंडर खटकन जागेवर बसलं पाहिजे. प्रत्येक घरासाठी हे करून बघायचं. यातलं काहीही त्याने केलं नाही.

सिलिंडरभोवती गेलेली चमकती रेघही त्याने ‘झीज’ म्हणून दाखवली. सिलिंडर अडवणारी खिटी घासून ही रेघ पडते आणि वापरातल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरवर ती दिसते. तिच्यावरून आयुष्य किती उरलं ते कळत नाही.

यानंतर त्याने ६८६ माझ्या हातात दिलं आणि रिकाम्या सिलिंडरवर चाप ओढून बघायला सांगितलं. चाप इतका मऊ आणि सलग होता की माझं जुनं त्यापुढे जड वाटावं. “नवीन यंत्रांची करामत आहे,” तो म्हणाला. माझा निर्णय त्या चापामुळे झाला, आणि तो चाप मुद्दाम बिघडवलेला होता.

नेमबाजीच्या मैदानावर पहिल्याच फेरीत डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे नुसता चाप ओढून झाडताना, गोळ्या सुटेनात. खटका पडायचा, आवाज नाही. हत्यार समोर रोखूनच वाट पाहायची, मग काडतूस काढायचं, असं चाललं. काढलेल्या काडतुसांच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाशी असलेल्या ठिणगीच्या टोपीवर, फायरिंग पिनचा ठसा पाहिला तर नखाने टोचावं इतपतच. हॅमर आधी मागे ओढून झाडलं की त्याच गोळ्या बहुतेक सुटायच्या. दारूगोळा बदलून पाहिला, तेच.

हत्यारं दुरुस्त करणाऱ्या एका जाणकाराने रबरी मूठ उतरवली आणि कारण लगेच सापडलं. मुठीच्या पुढच्या बाजूला, खालच्या टोकाशी एक छोटा स्क्रू असतो. तो आतल्या सपाट स्प्रिंगवर दाब देतो आणि त्या दाबावर हॅमरचा जोर ठरतो. तो पूर्ण आवळलेला असायला हवा. माझ्या ६८६ मधला स्क्रू आवळलेला होता, पण त्याचं टोक कानशीने घासून आखूड केलेलं. भिंगाखाली कानशीचे तिरपे ओरखडे स्वच्छ दिसत होते. स्प्रिंगवर दाब कमी, म्हणून चाप मऊ. हॅमरला जोर नाही, म्हणून गोळी सुटत नाही. दुकानात रिकामं ओढून बघणाऱ्याला यातला फक्त पहिला भाग कळतो. नवा स्क्रू बसवल्यावर प्रत्येक गोळी सुटायला लागली आणि चाप माझ्या जुन्याहून जड झाला.

मूठ उतरलीच होती म्हणून त्याने बाकीचंही तपासलं. बाजूच्या झाकणाच्या स्क्रूंची डोकी चुकीच्या पेचकसाने पिचलेली. सिलिंडर पुढे-मागे हलत होतं, तेही नव्या हत्यारात शोभणार नाही इतकं. सिलिंडरच्या तोंडावर जळक्या दारूच्या काळ्या कड्या नव्हत्या, पण त्या घासून काढल्याच्या खुणा होत्या. आणि सिलिंडर जिथे नळीला भिडतं, त्याच्या बरोबर वर फ्रेमच्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक बारीक आडवी खाच होती. मॅग्नम झाडताना फटीतून सुटणारा तापलेला वायू तिथे धातू कापत जातो. कारखान्यात चाचणीसाठी झाडलेल्या थोड्या गोळ्यांनी ती पडत नाही. कड्या पुसता येतात, ही खाच पुसता येत नाही. स्टेनलेसचं कुठलंही ‘न वापरलेलं’ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेताना आधी तिथे टॉर्च मारा.

घरी येऊन खोका पाहिला. खोक्याच्या चिठ्ठीवरचा सीरियल नंबर आणि फ्रेमवरचा नंबर जुळत नव्हते. कागदोपत्री नोंद फ्रेमवरच्या नंबराने झाली होती, त्यामुळे व्यवहार कायदेशीर. खोका मात्र दुसऱ्याच हत्याराचा, नवेपणाचा पुरावा म्हणून सोबत ठेवलेला.

सर्वांत जास्त संताप आला तो नंतर. त्याच विक्रेत्याने माझं मॉडेल १९ विकायला काढलं आणि वर्णन लिहिलं: पिनने बसवलेली नळी, जुन्या पद्धतीचं सिलिंडर, किल्लीने हत्यार बंद करायचं आतलं कुलूप नसलेली घडण, घट्ट लॉकअप (सिलिंडर न हलता जागेवर बसणं), उत्तम टायमिंग. मला दिलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक मागणी. मला खिळखिळं म्हणून दाखवलेलं सिलिंडर गिऱ्हाइकासाठी घट्ट झालं होतं.

मग जुनं द्यावंच नाही का? तसं माझं म्हणणं नाही. ज्याला मॅग्नम भरपूर झाडायचं आहे त्याने के फ्रेमला छळण्यापेक्षा एल फ्रेम घ्यावी, हे मी आजही सांगेन. नव्याचे सुटे भाग मिळतात, जुन्याचे शोधावे लागतात. नव्यांत साच्यात धातूची पूड दाबून आणि भाजून घडवलेले भाग असतात, त्यांना लोक नावं ठेवतात. माझ्या मते सरावाच्या हत्याराला ते पुरेसे आहेत. २००१ पासून आलेलं आतलं कुलूप कुणाला खटकतं, कुणाला नाही. पण पिनवाल्या जुन्या रिव्हॉल्व्हरना संग्राहकांकडून जी किंमत मिळते ती विक्रेता आपणहून सांगणार नाही. म्हणून दोन्ही व्यवहार वेगळे करा. जुन्याची तपासणी आणि किंमत अशा माणसाकडून ठरवून घ्या ज्याला ते विकत घ्यायचं नाही, आणि ते स्वतंत्रपणे विका. नवं घेताना रबरी मूठ उतरवून बघू द्या म्हणा. स्क्रूंची डोकी बघा, खाच बघा. फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी, सिलिंडर आणि नळीमधली फट मोजा. ती साधारण ०.००४ ते ०.०१० इंचांत असावी. चाप संशय यावा इतका मऊ लागला तर गोळी झाडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी लेखी तक्रार दिली आहे. सोबत घासलेला स्क्रू, प्रायमरचे फोटो, खोक्याची चिठ्ठी आणि दुरुस्ती करणाऱ्याचा लेखी अहवाल जोडला आहे. विक्रेत्याचं उत्तर एवढंच, की पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ असं छापलेलं आहे आणि ‘न वापरलेलं’ हे त्याने कुठेही लिहून दिलेलं नाही. हे खरं आहे, त्याने ते फक्त तोंडी सांगितलं होतं. शस्त्राची मालकी एकदा अधिकृत नोंदीत बदलली की व्यवहार उलटवणं इतर वस्तूंइतकं सोपं राहत नाही, आणि माझं १९-३ तोवर तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेलं होतं. तेव्हा पावती करताना मॉडेल आणि सीरियल नंबरच्या पुढेच ‘न वापरलेलं, आतील भागांत कोणताही फेरफार नाही, दोष आढळल्यास परत’ हे शब्द विक्रेत्याच्या हाताने लिहून घ्या, आणि खाली त्याची सही व तारीख.