बाळाचा वजनकाटा : महिनाभर वापरल्यानंतर

चौथ्या दिवशी लेकीचं वजन 2 किलो 720 भरलं. जन्मली तेव्हा 2 किलो 940 होती. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवसांत वजन उतरतंच, सात ते दहा टक्क्यांपर्यंत चालतं, दहा-चौदा दिवसांत भरून येईल. बायकोला पटलं. मला मात्र ते 220 ग्रॅम रात्री झोपू देईनात. दूध पिण्याच्या वेळेला जागा होतोच, तसाच मोबाइलवर डिजिटल बेबी स्केल मागवून टाकला.

तर काटा कसा आहे? चांगला आहे. पसरट, दोन्ही कडा वर वळलेला ट्रे, खाली चार रबरी पाय आणि पेन्सिल सेलवर चालणारा. वाचन 10 ग्रॅमच्या टप्प्याने. दुपटं अंथरायचं, शून्याचं बटण दाबायचं आणि मग बाळ ठेवायचं, म्हणजे दुपट्याचं वजन धरत नाही. ‘होल्ड’ नावाची, म्हणजे ठरलेला आकडा धरून ठेवणारी, सोय खरंच कामाची आहे, कारण हातपाय झाडणाऱ्या बाळाचं वजन नाहीतर आकड्यांची नुसती सोरट होते. सतरंजीवर ठेवू नका, भलतेच आकडे येतात. कडक, सपाट फरशीच हवी.

आता तक्रार. हा काटा बोंबलतो. सुरू करताना पीं, शून्य झालं की पीं, वजन ठरलं की दोनदा पीं पीं. ज्याने हे बनवलं त्याच्या घरात तान्हं बाळ कधी झोपलं नसावं. शेवटी मागच्या बारीक भोकांवर चिकटपट्टीचे तीन थर चढवले. आणि मिनिटभर काही ठेवलं नाही तर तो आपला आपण बंद होतो. लेकीचं झबलं सोडेपर्यंत नेमका तेवढाच वेळ लागतो. की पुन्हा पीं.

मोजायचं कसं, हे मात्र तिनेच शिकवलं. पहिल्या दिवशी मी तिला सरळ आडवी ठेवली आणि तिने दचकून दोन्ही हात फाकवले, पंजे उघडले, ओठ थरथरले. कडेवरून पडल्यासारखं वाटतं त्यांना. मग युक्ती कळली. आधी कुल्ले टेकवायचे, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी, आणि हात लगेच काढायचा नाही. आठवड्याभरात मला ते इतकं जमलं, की ती जांभई देत ट्रेवर उतरायला लागली.

एकदा आकडा ठरणार, तेवढ्यात तिने शू केली. मी आकड्याकडे बघतोय, तो हलेचना. मग ट्यूब पेटली. शू ट्रेमध्येच आहे की! दुपटं बदलून, ट्रे पुसून परत ठेवलं, तर 20 ग्रॅम कमी. पहाटेचे चार वाजले होते आणि आम्ही दोघं तोंडावर हात दाबून हसत होतो. त्या आठवड्यातलं आमचं ते पहिलं मोकळं हसू.

बाराव्या दिवशी 2 किलो 950. मी आकड्याचा फोटो काढला. बायको म्हणाली, “अरे, तिचा काढ.” फोटोत नुसता निळा आकडा आहे आणि कोपऱ्यात एक टाच.

त्यानंतर मी रोज मोजणं सोडून दिलं. काट्यापाशी बसणं मात्र सुटलं नाही. वाकून बघितलं, की माझा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर येतो, आणि या वयात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचंच त्यातल्या त्यात नीट दिसतं. ती माझ्या केसांच्या कडेकडे टक लावून बघते. करंगळी तळहातात दिली की घट्ट धरते. ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, झोपेतलं हसूसुद्धा तसंच, खरं ओळखीचं हसू दीड-दोन महिन्यांनी येतं, हे सगळं मी वाचलंय. करंगळीला ते सांगून उपयोग नाही.

घ्यावा का? बाळ नीट पीत असेल, पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहाएक लंगोट ओले होत असतील आणि डॉक्टरांकडे वेळेवर वजन होत असेल, तर गरज नाही. दूध पिण्याआधी-नंतर मोजून ‘किती प्यायली’ हे काढायच्या भानगडीत तर पडूच नका. 10 ग्रॅमच्या काट्यावर वळवळणाऱ्या बाळाचा तो हिशोब जमत नाही, आणि आईला उगाच परीक्षेला बसवल्यासारखं होतं. मी दोनदा केलं, दोनदा बोलणी खाल्ली. डॉक्टरांनी मध्येमध्ये वजन बघायला सांगितलं असेल, तर जरूर घ्या. पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा त्या पीं पींचा कापला.

काल तिसावा दिवस, 3 किलो 480. काटा आता मित्राकडे जाणार आहे, त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात बाळ येतंय. चिकटपट्टी तशीच ठेवली आहे.