जुन्या पेट्रोल जीपला टी-९० गिअरबॉक्स : दिवाळी ते पोळा, दहा महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांनी घेतलेली महिंद्राची पेट्रोल जीप आमच्या गेवराई तालुक्यातील शेतावर अजून रोजच्या कामात आहे. तिचा गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरमधून वारंवार सुटू लागला आणि आतील गिअरांचे दाते झडलेले निघाले, तेव्हा दुसरा डबा शोधणे भाग पडले. गावात सगळे तिला ‘लढाईतली जीप’ म्हणत आणि मीही तेच खरे धरून एका व्यापाऱ्याला तसे कळवले, ही माझी पहिली चूक होती.

बीडच्या ज्या चाचांकडे गाडी दुरुस्तीला असते, त्यांनी बॉनेट उघडताच सांगितले, “सर, आधी इंजिन ओळखू, डबा नंतर मागवू.” आरसी बुकावर २१९९ सीसी असे लिहिलेले होते, परंतु मूळ जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीचे महायुद्धातील जुने फ्लॅटहेड इंजिन आणि युद्धानंतरचे एफ-हेड हरिकेन इंजिन यांची क्षमता एकच असल्यामुळे त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७९.४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) १११.१ मिमी असतो. फरक दिसतो तो वरच्या भागात. फ्लॅटहेडमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, म्हणून हेड सपाट दिसते. एफ-हेडमध्ये इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये जातो, त्यामुळे वर रॉकर कव्हर येते, कार्ब्युरेटर हेडवरच बसतो आणि इंजिनाची उंची वाढते. सीजे-३बी या जीप मॉडेलचे बॉनेट उंच असण्याचे कारण हेच आहे. आमच्या इंजिनावर रॉकर कव्हर होते आणि ब्लॉकवरील क्रमांक घासून पाहिला तेव्हा तो आरसी बुकाशी तंतोतंत जुळला. म्हणजे इंजिन एफ-हेड होते आणि गाडी लढाईतली नव्हती, आणि हे कळल्यावर मला थोडे वाईट वाटले, हेही सांगितले पाहिजे.

तोपर्यंत व्यापाऱ्याचा डबा येऊन पडला होता. तो टी-९०, म्हणजे युद्धानंतरच्या जीपचा तीन गिअरांचा डबा आहे असे त्याने सांगितले होते, परंतु चाचांनी तो बाकावर ठेवून पहिल्या गिअरमध्ये घातला, दोन्ही शाफ्टांवर खडूने खूण केली आणि मागचा शाफ्ट दहा फेरे फिरेपर्यंत पुढचा किती फिरतो ते मोजले. टी-९०चे पहिल्या गिअरचे प्रमाण २.७९८ असल्यामुळे अठ्ठावीस फेरे यायला हवे होते. आले साडेसव्वीसच्या थोडे पुढे, म्हणजे तो महायुद्धातील जीपचा टी-८४ होता. डबा परत केला, वाहतुकीचे पैसे मात्र बुडाले. दुसरा डबा मी स्वतः जाऊन, बाजूवरची ओतीव अक्षरे वाचून आणि फेरे मोजूनच उचलला. मागच्या शाफ्टवरील खाचाही मोजाव्यात, कारण ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचा) गिअर त्यावरच बसतो.

बसवल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात दुसरा गिअर पुन्हा सुटू लागला, तेव्हा मला वाटले की सगळा खर्च पाण्यात गेला. चाचांनी डबा उतरवून फ्लायव्हीलला डायल गेज लावले आणि बेल हाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) भोक क्रँकच्या मध्याशी जुळत नाही, हे दाखवून दिले. ब्लॉक आणि हाउसिंग यांच्यामध्ये जुना गंज व रंगाचा थर राहून गेला होता. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून, पायलट बुश (गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे टोक धरणारा बुश) नवा घालून डबा परत जोडला, आणि त्यानंतर आजतागायत मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीने उतरतानासुद्धा गिअर जागेवरून हललेला नाही.

पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर पडताना फेरे जुळवणारी रिंग) नसल्यामुळे गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकावा लागतो. चालत्या गाडीत टाकायचा असेल, तर दोनदा क्लच दाबून मधे रेस द्यावी लागते. पहिल्या गिअरमध्ये डब्याचा आवाज येतो, तो या बांधणीचाच गुण आहे. मागील अॅक्सलचे प्रमाण ५.३८ असल्याने ताशी ६० किमी वेगाला इंजिन सुमारे २४५० फेऱ्यांवर चालते, म्हणून मी ४५ ते ५० किमीच्या पुढे सहसा जात नाही. चिखलात मात्र ट्रान्सफर केसच्या लो रेंजचे (जास्त ओढीच्या हळू गिअरचे) २.४६ जमेस धरून पहिल्या गिअरमध्ये एकूण प्रमाण सदतीसपर्यंत जाते, आणि या पावसाळ्यात गोदाकाठच्या चिकण मातीतून ट्रॉली ओढताना क्लच एकदाही जळाला नाही.

तेलाबाबत एक अडचण झाली. गिअरबॉक्समधले तेल दर महिन्याला कमी दिसे आणि ट्रान्सफर केसमधले वाढलेले दिसे. या दोन्ही डब्यांतून तेल एकमेकांत जाते, हे माहीत नसल्यामुळे मी वरून ओततच राहिलो आणि मागचे सील गळू लागले. आता दोन्हींची पातळी एकाच वेळी पाहतो आणि पितळी सिंक्रो रिंगांसाठी जीएल-४ प्रतीचे ९० नंबरचे तेलच वापरतो. ते सील पोळ्याच्या आठवड्यात बदलले, आणि सध्या जीपखाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा आहे.