मोठं दुकान गेलं. आता पुस्तकं घरपोच मागवायची की मराठी पुस्तकांच्या दुकानांसाठी दादरला जायचं?

अंधेरीच्या इन्फिनिटी मॉलमध्ये लँडमार्क हे पुस्तकांचं दुकान होतं तोवर मला हा प्रश्न पडला नव्हता. १९८७ साली चेन्नईत सुरू झालेली ही साखळी २००५ मध्ये टाटांच्या ट्रेंट कंपनीकडे गेली आणि पुढे तिची दुकानं एकेक करून बंद झाली. गार हवेत, कुणी न हटकता उभ्या उभ्या चाळीस पानं वाचायची सोय गेली, याचं मला मनापासून वाईट वाटलं. मॉलमध्ये चौरस फुटाला भाडं मोजायचं आणि तिथे दोनशे रुपयांचं पुस्तक सहा महिने फळीवर ठेवायचं, हे गणित फार काळ जमत नाही. म्हणूनच अशा दुकानांत खेळणी आणि स्टेशनरी पुढे सरकत जातात, पुस्तकं मागच्या भिंतीला लागतात.

अमेरिकेत बॉर्डर्स ही पुस्तकांच्या दुकानांची साखळी याहून कितीतरी मोठी होती. २००१ मध्ये त्यांनी आपली ऑनलाइन विक्री चक्क अ‍ॅमेझॉनकडे सोपवली आणि २००८ पर्यंत तसंच चालू ठेवलं. २०११ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज, जुलैत उरलेली ३९९ दुकानं मोडीत काढायचा निर्णय. त्याच २०११ मध्ये आपल्या मुंबईच्या फोर्टात किताबखाना हे पुस्तकांचं दुकान उघडलं. डिसेंबर २०२० मध्ये तिथे आग लागली, तरी मार्च २०२१ मध्ये दुकान पुन्हा सुरू झालं. मोठं तेच टिकतं असं काही नाही, त्यामुळे मॉलमधलं दुकान परत येईल म्हणून वाट बघत बसू नका. १९९२ पासूनची क्रॉसवर्ड ही पुस्तकांची साखळी आहे अजून, २०२१ मध्ये तिची मालकी बदलली. मुलांची इंग्रजी पुस्तकं घ्यायला मी आजही तिथे जातो. मराठी वाचणाऱ्यापुढे मात्र खरे पर्याय दोनच उरतात.

किमतीत घरपोचवालेच पुढे, यात वाद नाही. दुकानात मला बहुतेक वेळा दहा टक्के सुटतात, ऑनलाइन कधी कधी त्याच्या दुप्पट. मुलुंडहून दादरला जाऊन यायचं म्हणजे अख्खी दुपार जाते, आणि संध्याकाळी परतताना पुस्तकांची पिशवी सांभाळत गर्दीच्या लोकलमध्ये शिरणं सोपं नाही. नेमकं पुस्तक, नेमका प्रकाशक ठाऊक असेल तर घरबसल्या मागवा. मीही मागवतो.

माझी गाडी अडली ती एका साध्या गोष्टीवर. अक्षराचा आकार.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तिने सार्थ ज्ञानेश्वरी पुन्हा वाचायला घ्यायचं ठरवलं. घरातली जुनी प्रत पार खिळखिळी झाली होती, म्हणून मी एका साइटवर नवी मागवली. तिसऱ्या दिवशी आली. बांधणी छान, कागद पांढराशुभ्र. पण नऊ हजारांवर ओव्या, खाली अर्थ, आणि सगळं कमी पानांत बसवायचं म्हणून टाइप इतका बारीक की ओवीतला अनुस्वार कुठे संपतो आणि वेलांटी कुठे सुरू होते ते मलाच दिसेना. आईने दोन पानं वाचली आणि म्हणाली, ‘‘राहू दे रे, माझी जुनीच बरी.’’ मी ती परत केली, दुसरी मागवली. तीही तशीच. पैसे परत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण तीन आठवडे आई वाचनाविना राहिली.

साइटवर पानांची संख्या असते, वजन असतं, कधी लांबी-रुंदीही असते. टाइप केवढा ते कुठेच नसतं. काही ठिकाणी आतली पानं बघायला मिळतात, पण पडद्यावरचं अक्षर दोन बोटांनी हवं तेवढं मोठं होतं. कागदावर ते केवढं आहे ते त्यावरून कसं कळणार? एक अंदाज मी शिकलो: त्याच ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांचा आकार सारखा असेल तर जास्त पानांची घ्यावी. तोही दरवेळी बरोबर येत नाही, कारण जाड पुस्तकात कधी नुसती प्रस्तावनाच लांब निघते.

शेवटी दादरला गेलो. छबिलदास शाळेच्या बाजूला आयडियल हे पुस्तकांचं दुकान आहे, शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या इमारतीत मॅजेस्टिक. चालत पाच-सात मिनिटांत दोन्हीकडे होतं. त्या भागातल्या एका दुकानात काउंटरवरच्या गृहस्थांना मी फक्त एवढंच म्हटलं, ‘‘आईसाठी हवीय.’’ त्यांनी विचारलं, ‘‘स्वतः वाचणार आहेत ना?’’ आणि समोर ठेवलेल्या चार प्रतींपैकी दोन लगेच बाजूला सारल्या. तिसरी त्यांनी मधोमध, नवव्या अध्यायाच्या आसपास उघडली, दारातल्या उजेडाकडे वळवली आणि माझ्या हातात दिली. ‘‘सुरुवातीची पानं बघू नका, तिथे सगळेच टाइप मोठा ठेवतात. मधलं पान बघा. आणि हा कागद पिवळट आहे, डोळ्यावर चमकत नाही.’’ मोठा टाइप, जाड ओव्या, अर्थ वेगळ्या ओळीत. सूट दहाच टक्के मिळाली. आईने ती प्रत त्याच रात्री उघडली.

तुमच्या घरी सगळ्यांचे डोळे धड असतील तर कदाचित हे तुम्हाला एवढं महत्त्वाचं वाटणार नाही, आणि तेही बरोबरच आहे. गावाबाहेर राहणाऱ्याला किंवा प्रवास न झेपणाऱ्याला घरपोच हाच आधार आहे. दुकानात हवी ती आवृत्ती हजर असेलच असंही नाही. मला दोनदा रिकाम्या हाती परतावं लागलंय, म्हणून आधी फोन करून विचारावं. पण पुस्तक घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी किंवा नुकतं वाचायला शिकलेल्या मुलासाठी असेल, तर मी दादरच सांगेन.

जायचं तर आठवड्यातल्या मधल्या वारी, दुपारी जा. काउंटरवर बोलायला वेळ असतो. मी निघताना आईचं सध्या चालू असलेलं पुस्तक पिशवीत घेतो. दुकानात नव्या पुस्तकाचं मधलं पान त्याच्या शेजारी धरायचं. अक्षर तेवढंच किंवा मोठं असेल तरच घ्यायचं.