निघता निघेना असा ‘रिमूव्हेबल’ बेड

एस्टिमेटवर स्वच्छ अक्षरात ‘रिमूव्हेबल बेड’ लिहिलेलं होतं. तो बेड आमच्या व्हॅनमधून शेवटी ग्राइंडर लावून कापून काढला, आणि कापणाऱ्याने त्याचे ८०० रुपये वेगळे घेतले. त्याआधी ९५ हजार गेले होते ते गेलेच.

आम्ही भांडुपला राहतो. घरात सहा माणसं आणि एक सात सीटर व्हॅन, पाच वर्षं जुनी. एका गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर वडखळ ते माणगाव एवढ्याच टप्प्यात नऊ तास अडकलो होतो. सासऱ्यांचा गुडघा तेव्हाच दुखायला लागलेला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मागे कुठेतरी पाय लांब करून पडायला जागा हवी, हे त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं. पुढे त्यात भंडारदरा आलं, माळशेज आलं, हॉटेलच्या खोलीचे वाचणारे पैसे आले. पण सोमवार ते शुक्रवार गाडी माणसांचीच. अण्णांची फिजिओथेरपी, मुलीचा क्लास, भाजी. म्हणून बेड असा हवा होता की शुक्रवारी रात्री आत जाईल आणि रविवारी रात्री गॅलरीत येईल.

दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी गाडी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खरीखुरी कॅराव्हॅन म्हणून गाडी पास करायची तर तिला एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, आणि ते काम गल्लीतल्या गॅरेजचं नव्हे. आम्हाला त्यातलं काही नको होतं. सीट जिथल्या तिथे, बॉडीला एक भोक नाही, बेड म्हणजे गाडीत ठेवलेलं सामान. एवढंच.

मुलाने रील दाखवलं. एक माणूस दोन काळे नॉब फिरवतो, बेड दोन तुकड्यांत बाहेर काढतो आणि वर एक लाल उशी ठेवून हसतो. कुर्ल्याच्या बाजूचं वर्कशॉप होतं, नाव इथे देत नाही. आम्ही जाऊन बघितलं. तीच गाडी तिथे उभी, तोच बेड, तीच लाल उशी. वर्कशॉपवाल्याने चार मिनिटांत बेड काढून दाखवला. ॲल्युमिनियम सेक्शनची फ्रेम होती, मी एक टोक एका हाताने उचलून पाहिलं. पाहिलं आणि विरघळले. ती गाडी कोणाची, तो बेड इथेच बनलाय का, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

एस्टिमेट असं: फ्रेम आणि १८ एमएमची मरीन प्लाय ३८ हजार, ४० डेन्सिटीचा चार इंची फोम रेक्झिनसकट ९ हजार, १०० एएच (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी, पंखा, लाइट मिळून ३२ हजार, पडदे ४ हजार. एकूण ८३ हजार. “बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील ताई,” तो म्हणाला. वाचवले. लाज वाटते लिहायला, पण निम्मी फसवणूक माझ्या त्या ‘चालेल’ने सोपी केली. कागदावर जीएसटी नंबर छापलेला होता, २७ ने सुरू होणारा, पंधरा अक्षरी, अगदी खरा वाटणारा. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं. मी तीन महिन्यांनी बघितलं. नोंद भलत्याच नावाची, तीही रद्द झालेली.

६० हजार ॲडव्हान्स दिला, यूपीआयने, दोन खात्यांवर. एक खातं ‘भाच्याचं’ होतं. घरी आल्यावर अण्णांनी एकच विचारलं, “अर्ध्यापेक्षा जास्त आधीच का दिले?” अण्णा एलबीएस रोडवरच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणारे. लाकूडकाम हा त्यांचा धर्म. मी म्हटलं, अण्णा, हल्ली असंच असतं.

बारा दिवसांचं काम सात आठवडे चाललं. त्या टाळाटाळीचं वर्णन करत नाही, ज्यांनी कधी घरात सुतार लावलाय त्यांना ते पाठ असेल. मधेच फोन आला की मागची सीट आड येतेय, ती काढावी लागेल, म्हणजे आरसीवर सीट कमी करून घ्यावी लागेल, ‘आरटीओ पासिंग’चे १२ हजार. मी म्हटलं, सीटला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. तो म्हणाला, “ताई, सीट इथे सांभाळून ठेवतो, तुमचीच वस्तू आहे.” खरं तर त्याच दिवशी गाडी उचलून आणायला हवी होती. मी १२ हजार पाठवले. आठवड्याने त्याने गोल शिक्का असलेल्या पावतीचा फोटो पाठवला. परिवहनच्या साइटवर प्रत्येक कामाला अर्ज क्रमांक पडतो आणि त्यावरून अर्ज कुठवर आलाय ते दिसतं. या पावतीवर तसा क्रमांकच नव्हता. एमपरिवहन ॲपमध्ये आमच्या गाडीची आसनसंख्या तेव्हाही सातच होती आणि आजही सातच आहे.

गाडी आणून दिली जूनच्या शेवटी, शुक्रवारी रात्री आठला, धो धो पावसात. सोसायटीच्या गेटमध्ये आमची गाडी आडवी आणि मागे दोन गाड्या हॉर्न वाजवतायत. मोबाइलच्या टॉर्चमध्ये आत डोकावलं. बेड छान दिसत होता. करड्या रेक्झिनची गादी, निळे पडदे, चार काळे नॉब. उरलेले २३ हजार तिथेच रोख मोजून दिले. दिवसाउजेडी घेऊन ये, माझ्यासमोर बेड काढून परत बसव आणि मग पैसे घे, हे वाक्य मी आता झोपेतही म्हणू शकते.

शनिवारी भंडारदऱ्याला गेलो, मुलं आणि आम्ही दोघं. आर्थर लेकच्या काठाला, ओळखीच्यांच्या अंगणात गाडी लावली. नव्या प्लायच्या वासाने डोळे चुरचुरत होते. रात्री अकराला पंखा लावला, पाचला बंद पडला. पंखा आणि एलईडी पट्टी मिळून तीसेक वॅट. १०० एएचच्या १२ व्होल्ट लिथियम बॅटरीत बाराशे वॅट-तासांच्या वर साठा असतो, म्हणजे चाळीस तास चालायला हवं. आमची सहा तासांत आटोपली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या यूपीएसवाल्याने पुढे तो डबा उघडला. आत लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे सुटे सेल, तीन रंगांच्या वेष्टनातले, म्हणजे तीन ठिकाणच्या भंगारातले. बॅटरी आणि वायरिंगच्या मधे फ्यूज नाही. तो म्हणाला, हे परत चार्ज करू नका. मुलं त्या डब्यापासून दीड फुटावर झोपली होती. पैशांपेक्षा मला आजही त्याचाच जास्त राग येतो.

सोमवारी सकाळी साडेसहाला बेड काढायला गेलो. अण्णांची वेळ साडेआठची. नॉब फिरवले. चारही नॉब फिरले, फिरतच राहिले. एक हातात आला. त्याच्या मागचा स्क्रू जेमतेम नखाएवढा, प्लायमध्ये खुपसलेला, पलीकडे नट नाही, काही नाही. नुसता शोभेचा. कार्पेट उचललं तर फ्रेम थेट गाडीच्या पत्र्याला ठोकलेली, १४ सेल्फ ड्रिलिंग स्क्रू. नवरा टॉर्च घेऊन गाडीखाली गेला. खालून स्क्रूची टोकं काट्यांसारखी बाहेर आलेली आणि त्यातलं एक ब्रेकच्या पाइपपासून दोन बोटांवर. पावसाचं पाणी त्याच भोकांतून वर आलं होतं, कार्पेट खालून ओलं.

स्क्रू काढूनही उपयोग नव्हता. फ्रेम एकसंध होती, सहा बाय चार. ती आतच वेल्ड केलेली. मागच्या दारातून तिरकी, उभी, कशीही जाईना, कारण ती दारापेक्षा मोठी होती. खिडकीच्या काचेवर बारीक काळे ठिपके दिसत होते, ते मी घाण समजून शनिवारीच पुसायचा प्रयत्न केला होता. वेल्डिंगच्या ठिणग्या काचेत रुतल्या होत्या. मुलाने फ्रिजवरचं अष्टविनायकाचं मॅग्नेट आणून फ्रेमला लावलं. टच्चकन चिकटलं. ॲल्युमिनियम कसलं, लोखंडी चौकोनी पाइप, वर चंदेरी स्प्रे.

वर्कशॉपला फोन केला. त्याने शांतपणे सांगितलेलं वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरतात: “ताई, रिमूव्हेबल म्हणजे आमच्या कारागिराला काढता येतो. घेऊन या, पंधराशे लेबर.”

अण्णा त्या दिवशी रिक्षाने गेले. संध्याकाळी खुर्ची टाकून गाडीच्या मागे बसले आणि म्हणाले, “प्लायची कड सगळीकडून का झाकलीय?” पॅटर्नमेकरला कड दिसली नाही की चैन पडत नाही. त्यांनी एज बँडची पट्टी पटाशीने सोलली. आतमध्ये १२ एमएमची प्लाय, आणि काठाला खालून जोडपट्टी चिकटवून ती १८ ची भासवलेली. त्यांनी एक तुकडा कापून मला दिला, “कुकरला लाव.” मरीन प्लाय, आयएस ७१० या मानकाची, ७२ तास उकळून तपासतात. आमच्या तुकड्याने चार शिट्ट्या आणि अर्धा तास सोसला. झाकण उघडलं तर त्याचे थर पावसात भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटे झालेले. कुकर तीन दिवस वास मारत होता.

मग फोमची पाळी. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो. सहा फूट बाय चार फूट बाय चार इंच गादी, म्हणजे आठ घनफूट, नुसता फोमच नऊ किलो भरायला हवा. खालच्या भंगारवाल्याच्या काट्यावर गादी रेक्झिनसकट ५ किलो ४०० ग्रॅम भरली. भंगारवाला म्हणाला, ताई, द्यायची आहे का?

सीट आणायला नवरा आणि दीर गेले. “तुम्हीच नेली की,” असं उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा शटरवर दुसरीच पाटी. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून तशी सीट ७,५०० ला मिळाली, रंग जुळत नाही. भोकं बुजवून खालून प्राइमर आणि अंडरकोटिंग, ते वेगळं. विम्याच्या एजंटने सांगितलं, आधी सगळं मूळपदावर आणा, अशा अवस्थेत अपघात झाला तर क्लेमला अडचण येईल.

पोलीस ठाण्यात ‘हे सिव्हिल आहे’ म्हणाले आणि अर्ज घेऊन पोच दिली. ती पोच कामाची निघाली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नोटीस पाठवली, ती परत आली, मग ई-जागृती पोर्टलवरून मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. वकील लावलेला नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठेही पळालं तरी. बिल नसल्याने आता सगळा भार यूपीआयच्या नोंदींवर, एस्टिमेटच्या कागदावर आणि व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपांवर आहे. पंधराशे लेबरवाला किस्सा त्याने सुदैवाने पुन्हा व्हॉइस नोटमध्येही सांगितला होता. रोख दिलेल्या २३ हजारांचा मात्र कुठेच पुरावा नाही. माझी आत्या मुंबई ग्राहक पंचायतीची जुनी सभासद, तिने हे ऐकून कपाळावर हात मारला आणि दहा मिनिटं माझ्याशी बोलली नाही.

अण्णांनी दिवाळीनंतर गॅलरीत बसून दोन पेट्या केल्या, आयएसआयच्या शिक्क्याची प्लाय स्वतः निवडून आणली. मागच्या सीटची पाठ पाडली की पेट्या तिच्यावर आणि मधल्या जागेत बसतात, पट्ट्याने आवळायच्या, एकही भोक नाही. एक पेटी मी एकटी उचलते. वायरिंग केलंच नाही, चार्जिंगचा छोटा पंखा नेतो.

परवा मुलाने मोबाइल पुढे केला. रील पुन्हा फिरतंय. तेच दोन नॉब, तोच ॲल्युमिनियमचा बेड, तीच लाल उशी. खालचा फोन नंबर बदललाय आणि पत्ता आता ठाण्याच्या बाजूचा आहे.