समजावून सांगणारा रेडिएशन विभाग

परळच्या ज्या ट्रस्ट हॉस्पिटलात माझ्या वहिनीचं स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन झालं, तिथल्या डॉक्टरबाईंना माझ्याकडून पैकीच्या पैकी. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रश्नांची सरबत्ती माझीच होती. एकाही प्रश्नाला त्यांनी वाटेला लावलं नाही.

"गाठ तर काढलीत, मग आता जाळणार काय?" वहिनीने विचारलं. बाईंनी केसपेपरच्या पाठीवर डीएनएची शिडी काढली आणि तिचे दोन्ही खांब पेनाने तोडले. "जाळत काहीच नाही. मागे राहिलेल्या पेशींत हे असं तुटतं." तुटल्याची वर्दी एटीएम हे प्रथिन देतं, मग पी५३ हे दुसरं प्रथिन जागं होतं, ते पी२१चा जनुक चालू करतं आणि पेशीचं विभाजन थांबतं. दुरुस्ती जमली तर पेशी वाचते, नाहीतर मरते. काही कर्करोगांत पी५३च बिघडलेलं असतं. तिथे पेशी तुटक्या डीएनएसकट विभाजनाला जाते आणि बरेचदा त्यातच संपते. त्याच किरणांमुळे एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन पेशीला तगवणारे जनुकही चालू करतं, हेसुद्धा त्यांनी लपवलं नाही. खोटा दिलासा न देणारा डॉक्टर मला हजारदा चालेल.

निरोगी पेशी दोन सिटिंगच्या मधल्या वेळेत स्वतःला जास्त चांगलं सावरतात, म्हणून मात्रा वाटून देतात. पूर्वी २५ सिटिंगमध्ये ५० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक) देत, वहिनीला १५ मध्ये ४० ग्रे दिले. मुलुंडहून लोकलने येणाऱ्या बाईचे दोन आठवडे वाचणं ही लहान गोष्ट नाही.

वहिनीचा आजार डाव्या बाजूचा. काचेपलीकडून टेक्निशियन माइकवर सांगायचा, "ताई, श्वास भरा… धरा… सोडा." छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकतं. याचा सराव सीटी स्कॅनच्या दिवशीच करून घेतला होता. घाई नाही, ओरडा नाही.

मात्र कपडे बदलायची खोली एकच, त्यात साधा हुकही नाही. बायका ब्लाउज आणि फाइल छातीशी धरून ताटकळतात. मशीन बंद असल्याचा निरोप परळला पोचल्यावर मिळतो, हे तर अजिबात पटलं नाही. एक मेसेज टाकायला काय जातं?

डाव्या बाजूचं रेडिएशन असेल, तर श्वास रोखून उपचार करायची सोय आहे का, हे प्लॅनिंगच्या सीटीआधीच विचारा. आणि पुढून उघडणारा सैल सुती कुर्ता घालून जा.