पायासाठी 'थर्मल ब्लॉक' घेताय? आधी हे वाचा. माझे 1,24,620 रुपये गेले

आधी आकडे. ब्लॉक 640, दर 148 रुपये, म्हणजे 94,720. टेम्पोभाडं 11,500. रचलेलं जोतं पुन्हा उकलायची मजुरी 18,400. एकूण 1,24,620. लिहिताना लाज वाटते, कारण घरातल्या सगळ्यांना गप्प करून हा व्यवहार मीच केला. पण तोच विक्रेता देवगड तालुक्यात अजून माल विकतोय असं कळलं, म्हणून लिहितोय.

जुन्या घरात पावसाळाभर फरशीला ओल फुटायची आणि आईचे गुडघे धरायचे. नवीन घर बांधताना एवढं एकच डोक्यात होतं. विक्रेत्याने नेमकं तेच ओळखलं. "साहेब, इन्सुलेशनवाला ब्लॉक आहे. पायात टाका, ओल वर चढणारच नाही. परदेशात पाये ह्याचेच करतात." थंड देशांत पायाला उष्णतारोधक ब्लॉक लावतात हे खरंच आहे, मीही वाचलं होतं. पण तिथे घरातली ऊब जमिनीत जाऊ नये म्हणून लावतात, आणि पायासाठी ठरवून दिलेल्या ताकदीचेच लावतात. आपल्याकडे धो धो पाऊस पडतो, आपला प्रश्न पाण्याचा. उष्णता अडवणारी वस्तू पाणी अडवतेच असं नाही. असल्या ब्लॉकमधल्या ज्या पोकळ्या उष्णता अडवतात, त्याच पाणी पितात.

त्याने चाचणी अहवालही पाठवला. आयएस 2185 भाग 3 (वाफेवर पकवलेल्या हलक्या ब्लॉकांचं भारतीय मानक), ताकद चौरस मिलिमीटरला 4 न्यूटन, उष्णतावहन 0.24. आकडे मानकातलेच, त्यामुळे कुणीही फसला असता. वर नाव दुसऱ्याच उत्पादकाचं होतं आणि तारीख 2019 ची, ते मी नीट पाहिलं नाही. तुम्ही पाहा. आयएसआय मार्क म्हणत असेल तर परवाना क्रमांक मागा आणि मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तिथल्या तिथे टाका.

आता ती दुपार. मे महिना, आदल्या रात्री वळीव पडून गेलेला. माल उतरवताना एक ब्लॉक विहिरीजवळच्या डबक्यात उभा रुतला. जेवून बाहेर आलो तर ब्लॉक चार बोटं पाण्यात, आणि ओलीची काळपट रेघ वीतभर वर चढलेली. मी ती पाहिली. दोन मिनिटं उभा राहून पाहिली. गवंडीकाकांनी अंगठ्याच्या नखाने कोपरा खरवडला, पांढरी भुकटी खाली पडली. "दादानू, ह्येका नख लागता. ह्यो पायाक चलाचो नाय." चाळीस वर्षं चिरा रचलेला माणूस सांगत होता, आणि मी म्हणालो, "काका, फॅक्टरीचा माल आहे." 60,000 आगाऊ ऑनलाइन गेले होते. टेम्पोवाला घाई करत होता, उशीर झाला तर भाडं वाढेल म्हणाला. उरलेले 46,220 मी रोख मोजून दिले. बिल घेतलं नाही, कारण जीएसटी वाचेल म्हणाला. हाती आली ती चिठ्ठी, त्यावर फक्त '640 नग'. असली चिठ्ठी घेऊ नका. मालाचं नाव, जाडी, मानक, सगळं लिहून घ्या, नाहीतर टेम्पो परत पाठवा.

जूनमध्ये तीन थर झाले आणि पाऊस लागला. आठ दिवसांत खालच्या थराच्या कडा बोटाने निघू लागल्या. शेजाऱ्यांच्या आंब्याच्या काट्यावर एक कोरा ब्लॉक तोलला, 14.6 किलो. रात्रभर टाकीत ठेवून तोलला, 21.3. ही परीक्षा पैसे देण्याआधी करायची असते. आणि खरे कारखान्यात वाफेवर पकवलेले एएसी ब्लॉकसुद्धा ओलरोधक पट्ट्याच्या (जमिनीची ओल वर चढू नये म्हणून भिंतीत घालतात तो थर) खाली, पायात सर्वसाधारणपणे वापरायचे नाहीत असं ते रचण्याचं मानक, आयएस 6041, सांगतं. वरच्या भिंतीला खुशाल वापरा. पायाला आपला जांभा नाहीतर काळा दगडच.

फोन केला तर म्हणे, "तुमच्या गवंड्याने चुकीचं बांधलं." नंतर नंबर बंद.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा "हा दिवाणी मामला आहे." तिसऱ्यांदा साधा अर्ज घेतला, पोच द्यायला तासभर हुज्जत. म्हटलं, दुसऱ्याच्या नावाचा अहवाल दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही? तर उत्तर, "तुम्ही शिकलेले ना, बघून घ्यायचं होतं." जिल्ह्याच्या एका कार्यालयात गेलो तर बिल नाही म्हणून अर्जच परत. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, बांधकाम साहित्य आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतं? हे सांगायला एकही माणूस तयार नव्हता. मुंबईहून रजा टाकून सहा दिवस घालवले, त्याचे पैसे मी वर धरलेले नाहीत.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. ऑनलाइन भरलेल्या 60,000 चा पुरावा आहे. रोख 46,220 साठी गवंडीकाका साक्षीला येतो म्हणालेत. न वापरलेले 260 ब्लॉक ताडपत्रीखाली तसेच ठेवलेत. ह्याच मालाचं कुणाकडे चलान किंवा चिठ्ठी असेल तर फाडू नका, मला त्याचा फोटो हवा आहे.